बेटावर जायला व्हिसा लागणार नव्हता

माझी लेक ज्या बेटावर नर्स आहे, त्या बेटाला स्वतःचं सरकार आहे, स्वतःचे पोलीस आहेत, पोस्टाची तिकिटं आहेत. पण बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं की नाही, हे ठरवायला त्यांना समुद्रापलीकडच्या एका मोठ्या देशाच्या तोंडाकडे बघावं लागतं. ते बेट त्या देशाच्या ताब्यातलं आहे. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नसताना मी छाती काढून जे बोललो त्याचं हे लिहितोय. त्या बेटावर मी अजून गेलेलो नाही.

अबू धाबीत माझी छत्तीस वर्षं गेली. पहिली अकरा मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत, लोखंडी कामाच्या कारखान्यात ग्राइंडरवर. मग उजव्या डोळ्यात कण गेला, धूसर दिसायला लागलं, कंपनीने हिशेब हातात दिला. मी गावी परत गेलो नाही. कँटीनला लागलो, आणि तिथून एका सरकारी ऑफिसात चहा-कॉफीला. लोक 'टी बॉय' म्हणतात. साठी उलटलेल्या माणसाला बॉय म्हणताना त्यांना काही वाटत नाही. मी मात्र कोणी विचारलं तर सांगायचो, मी पॅन्ट्री सांभाळतो. शिक्षण माझं चौथी. पण गहवा, म्हणजे यांची ती वेलची-केशराची बिनसाखरेची फिकी कॉफी, ती माझ्यासारखी त्या इमारतीत दुसरा कोणी करत नव्हता. हे मी म्हणत नाही, साहेब म्हणायचे.

त्या ऑफिसात देशादेशांच्या बैठका व्हायच्या. लांब टेबल, दोन बाजूंना दोन झेंडे, मधे पाण्याच्या बाटल्या. तुमची माणसं आमच्याकडे बिनव्हिसाची येऊ द्यायची, आमची तुमच्याकडे, यावर घासाघीस चालायची. कोळणीशी पापलेटचा भाव करावा तशीच, फक्त कोणी आवाज चढवायचा नाही. हे म्हणणार नव्वद दिवस, ते म्हणणार तीस. मग चहा. चहानंतर साठ. मी बावीस-तेवीस वर्षं हे बघितलं. कोण खरा मालक आहे हे मला कपावरून कळायचं. बोलतो एक, आणि कप तोंडाला लावताना सगळे बघतात दुसऱ्याकडे.

एका सकाळी पॅन्ट्रीच्या खिडकीतून बघतो तर टेबलावर तो झेंडा. कोपऱ्यात मोठ्या देशाचा झेंडा लहान करून काढलेला आणि बाकी निळं. लेकीच्या युनिफॉर्मच्या बाहीवर तोच आहे, मी फोटोत पाहिलेला.

तेव्हा लेकीला सातवा महिना होता. जावई क्रूझच्या जहाजावर, आचारी. त्याचा करार संपेपर्यंत त्याला उतरता येणार नव्हतं. लेकीचं बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. म्हणजे भारतात येणं नाही. तिची आई नाही. लेक नर्सिंग शिकत असतानाच ती गेली. आईच्या जागी मावशी, माझी मेहुणी, चिपळूणला असते. मेहुणीने तिकडे जायचं ठरवलं होतं. तिने व्हिसाचे फॉर्म भरले होते, मुंबईला बोटांचे ठसे द्यायची तारीखसुद्धा घेतली होती. लेकीचं ऑपरेशन करावं लागेल असं तिथली डॉक्टर म्हणत होती. ऑपरेशननंतर उठवायला, बसवायला, बाळ हातात द्यायला कोणीतरी घरचं हवं, एवढंच लेकीचं मागणं.

आमच्या ऑफिसात ड्राफ्ट टाईप करायला एक मराठी पोरगी होती. आईबाप पुण्याचे, जन्म इथला, अल ऐनला वाढलेली, पासपोर्ट मात्र भारताचा. मराठी समजायची, बोलायची कमी. तिला मी चहा देताना हळूच विचारलं, "बेटवाले कशाला आलेत गं?"

"व्हिसा वेव्हर, काका. They want tourists. इथून लोक जाणार, no visa."

"इथून म्हणजे आपल्याकडून?"

"हो ना, from UAE."

झालं. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. आणि ते बसायला कारणही होतं. माझ्या खोलीत एक मल्याळी प्लंबर राहतो. तो आदल्या वर्षी जॉर्जियाला फिरून आला होता. व्हिसा नाही, काही नाही, नुसता इथला रहिवासाचा कागद दाखवला आणि आत. बर्फात उभा राहून काढलेला फोटो त्याने खोलीच्या दारावर चिकटवलाय. इथे राहणाऱ्याला देश दार उघडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. छत्तीस वर्षं राहिलेल्या माणसाला उघडणार नाहीत, असं मनातही आलं नाही.

दुपारीच लेकीला फोन लावला. तिकडे पहाट होती.

"मी येतोय," म्हटलं.

"बाबा? कुठे येताय?"

"तुझ्याकडे. तुमच्या बेटाचा व्हिसा रद्द होतोय. करार होतोय, माझ्यासमोर होतोय."

"नक्की ना? कारण मावशीची अपॉइंटमेंट सोमवारी आहे."

"तिला कशाला त्रास? गुडघे दुखतात तिचे. दोन विमानं बदलून कशी येणार? तू सांग तिला, राहू दे."

"बाबा, आधी कागद हातात येऊ दे."

"तू शिकलेली असशील," मी म्हटलं, "पण त्या खोलीत मी असतो."

ती हसली. मग म्हणाली, "या मग. मला तुम्हीच हवे होतात." हे ती म्हणाली नसती तर कदाचित मी थोडा थांबलो असतो.

मेहुणीला मीच फोन केला. ती ऐकून घेते आणि मग एकच बोलते, पण ते लागतं. म्हणाली, "भावोजी, तुम्ही तिथे करार करता की चहा देता?"

"चहा देतो म्हणून तर सगळं ऐकू येतं."

"ऐकू येणं निराळं. मी सोमवारी जाऊन ठसे देऊन येते. दोघांचं झालं तर दोघं जाऊ."

मला राग आला. माझ्या लेकीसाठी मी पुरेसा नाही, असं तिला म्हणायचंय, असं वाटलं. मी म्हटलं, "माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर जा. पण मग मी जाणार नाही." असं बोलायची काही गरज नव्हती. तिने फोन ठेवला. सोमवारी ती मुंबईला गेली नाही.

बैठकीचा दुसरा दिवस. बेटाकडून आलेल्यांत एक बाई मुख्य होती. धिप्पाड, मोठ्याने हसणारी. माझा कडक दुधाचा चहा तिला इतका आवडला की तिने तीनदा मागितला. त्यांच्याच बाजूला शेवटच्या खुर्चीत एक बारीक गोरा माणूस. तो बेटाचा नव्हता, त्या मोठ्या देशाचा होता. तो काही घेत नव्हता, बोलतही नव्हता. पण बाई काही बोलली की एक डोळा त्याच्याकडे.

भिंतीवरच्या पडद्यावर ड्राफ्ट दिसत होता. आमची पोरगी टाईप करेल तसं तिथे उमटायचं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण एक शब्द मी ओळखतो, कारण तो माझ्या ओळखपत्रावर छापलेला आहे आणि ते कार्ड मी रोज गेटवर मशीनला लावतो. रेसिडेंट. तो शब्द पडद्यावर आला. बेटाची बाई बोलत होती, हात हलवून. तिचं मला कळलं ते असं की या देशात नागरिक थोडे आणि बाहेरून आलेले जास्त, हॉटेलं भरायची तर त्यांनाही येऊ द्या. आमचे साहेब मान हलवत होते. त्यांना काय, चालणारच होतं.

मी गहव्याचं भांडं डाव्या हातात, कप उजव्या हातात घेऊन त्यांच्या मागून फिरत होतो. त्या खोलीत वीसेक माणसं होती. ज्यांच्याबद्दल ती ओळ होती त्यांतला मी एकटा. म्हणजे मी आणि ती टाईप करणारी पोरगी.

गोऱ्या माणसाने पहिल्यांदा तोंड उघडलं. दोन वाक्यं, हळू. बाईने चष्मा काढला, काहीतरी उत्तर दिलं. त्याने एकदाच मान हलवली, नाही म्हणून. बाईने चष्मा परत लावला आणि आमच्या साहेबांकडे बघून खांदे उडवले. पडद्यावर त्या ओळीवर लाल रेघ आली; राहिले ते फक्त नागरिक. पोरीने ती रेघ मारताना माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेव्हाच कळलं की काल तिने मला काय सांगितलं होतं.

मी बोलायला हवं होतं, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. काय बोलणार होतो? कोणत्या भाषेत? मी त्या खोलीत आवाज न करण्याच्या पगारावर होतो.

मग मी एक केलं. इथे गहवा ओतायची रीत आहे. कप तिसरा हिस्सा भरायचा, जास्त नाही. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, पी आणि ऊठ, निघ माझ्या घरातून. इथल्या लहान पोराला हे माहीत असतं. मी गोऱ्या माणसासमोर गेलो, कप ठेवला आणि काठोकाठ भरला. हात चुकला नव्हता. आमच्या बाजूचे सगळे दचकले. साहेबांनी मान वर केली.

गोऱ्या माणसाने कप बघितला, उचलला, सगळा प्यायला आणि म्हणाला, "थँक यू, व्हेरी काइंड." दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. त्याला वाटलं मी मान दिला.

बैठक संपल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हे साहेब ज्युनियर म्हणून आले तेव्हापासून मी त्यांना कॉफी देतोय. अमिराती माणूस, पण हिंदी चांगली.

"चाचा, ये क्या किया? मेहमान को भरके दिया?"

मी सांगितलं. लेक, सातवा महिना, मेहुणीला थांबवलं, सगळं. ते ऐकत राहिले. मग उठले, त्यांच्या केबिनमधल्या थर्मासमधून स्वतः एका कपात गहवा ओतला आणि माझ्या हातात दिला. रीतीप्रमाणे, तिसरा हिस्सा.

मी तो कप टेबलावर ठेवला. प्यायलो नाही.

याचीही रीत आहे. जुन्या बदू लोकांची, वाळवंटातली. मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी पीत नाही, कप समोर ठेवून देतो. यजमान म्हणतो, पी, तुझं काम झालं. तेव्हाच प्यायची. तो न पिता उठला तर यजमानाचं नाक कापलं जातं. मी ही रीत त्यांच्याकडूनच शिकलो होतो. त्यांच्यावर वापरली.

साहेबांना खूण कळली. मग म्हणाले, "चाचा, मेरे घर में रखते तो मैं कुछ भी देता. ये घर मेरा नहीं है."

"आपने हां बोला था साहब. मैंने देखा."

"मैंने बोला. उस औरत ने भी बोला. टापू उसका है, दरवाजा दूसरे का." मग कप माझ्याकडे सरकवून, "पी लो चाचा. शर्मिंदा मत करो."

मी हट्टी माणूस आहे. मी प्यायलो नाही. शेवटी त्यांनीच कप उचलला आणि बेसिनमध्ये रिकामा केला. मोठा माणूस, पण तेवढंच त्याच्या हातात होतं. मग म्हणाले, चिठ्ठी लिहून देतो, नेहमीचा व्हिसा मागा, कदाचित लवकर होईल. "इन्शाल्ला."

लेकीला मी काही सांगितलं नाही. इथेच माझी खरी चूक. त्या दिवशी सांगितलं असतं तर मेहुणीला परत तारीख मिळाली असती, वेळ होता. पण मला वाटलं, चिठ्ठी आहे, व्हिसा काढूनच सांगू, कशाला माघार घ्यायची. खोलीत मल्याळ्याला सांगून बसलो होतो, बिल्डिंगच्या वॉचमनला सांगितलं होतं. मेहुणीला काय तोंड दाखवणार होतो?

टाईप करणारी पोरगी अपराधी झाली होती. तिने जेवणाच्या सुट्टीत बसून माझा फॉर्म ऑनलाइन भरला. "काका, employer letter? Return ticket? Property in India?" एकेक विचारायची. मी गावच्या घराचा उतारा मागवला. त्यावर माझ्यासकट सात नावं. ती म्हणाली, "It's fine, काका." तिच्या तोंडावरून ते फाइन नव्हतं.

मग बोटांचे ठसे. मोठ्या देशाच्या व्हिसाचे अर्ज जिथे घेतात तिथल्या मुलाने माझी बोटं काचेवर ठेवली. मशीन वाजलं. परत. परत वाजलं. अकरा वर्षं ग्राइंडर धरला, वर पंचवीस वर्षं गरम भांडी आणि साबण. बोटांवर रेघाच उरल्या नाहीत. मुलगा चांगला होता. म्हणाला, "हबीबी, क्रीम लगाओ, एक हफ्ता बर्तन मत धोना, फिर आओ." नंतरची तारीख नऊ दिवसांनी मिळाली. आठवडाभर मी रबरी मोजे घालून कप धुतले. रात्री हाताला व्हॅसलिन. नवव्या दिवशी आठ बोटं उमटली, अंगठे नाहीत. त्याने काहीतरी शेरा मारला आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

"कब मिलेगा?"

"वहां से जवाब आएगा."

"वहां मतलब बेट से?"

"नहीं चाचा, वहां से नहीं. उनके मालिक लोगों से."

मधल्या दिवसांत करारावर सह्या झाल्या. बेटाची बाई परत आली होती, तिने माझ्याकडे बोट करून चहाची खूण केली. फोटो काढले, खजूर वाटले. पेपरात आलं. मल्याळ्याने मोबाईलवर दाखवलं, "भाई, आ गया! अब तो जाओगे." मी म्हटलं, हो. त्याला बातमीत खाली काय लिहिलंय ते वाचता येत होतं. त्याने वाचून दाखवलं नाही.

लेक रोज विचारायची. बाबा, तिकीट झालं का? कोणत्या तारखेचं? मी म्हणायचो, होईल, इन्शाल्ला. एके दिवशी तिने मला मधेच थांबवलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही इन्शाल्ला कधीपासून म्हणायला लागलात? तुम्हीच मला सांगायचात, इथे काम होणार नसलं की ऑफिसात असं म्हणतात."

मी खरं सांगितलं. लाल रेघ, अंगठे, पासपोर्ट, सगळं. ती ओरडेल अशी मी वाट बघत होतो. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मावशीला आता काही बोलू नका. तिला पुढची तारीख घेऊन इकडे पोचेपर्यंत बाळ महिन्याचं होईल. उगाच तिचा जीव वरखाली." आणि मग, "तुम्ही जेवता ना वेळेवर?"

बाळ दोन आठवडे आधी आलं. आमच्याकडे सकाळचे अकरा, तिकडे पहाटेचे तीन. लेकीचा फोन पॅन्ट्रीत आला. तिला खोलीतून ऑपरेशनला नेत होते. चाकांचा आवाज येत होता.

"बाबा, बोलू नका काही. नुसता फोन चालू ठेवा. आत नेऊ देणार नाहीत, दारापर्यंत ठेवा."

मी ठेवला. कानाला लावून उभा राहिलो. काय बोलायचं तेही कळत नव्हतं, तिने बोलू नको म्हटलं ते बरंच झालं. तिकडे कोणीतरी बाई तिला इंग्रजीत काहीतरी विचारत होती, ती उत्तर देत होती, नर्सच्या आवाजात, जसं काही दुसऱ्याच कोणाचं ऑपरेशन आहे. एवढ्यात हॉलची बेल वाजली. आत कोणत्या तरी दुसऱ्या देशाची माणसं बसली होती, त्यांचेही दोन झेंडे. बेल परत वाजली. मी फोन साखरेच्या डब्यावर ठेवला, ट्रे उचलला आणि आत गेलो. चौदा कप. एकाला साखर नको होती, एकाला दूध वेगळं हवं होतं. परत आलो तर फोन बंद झालेला. ती दारापाशी पोचली होती.

तीनेक तासांनी फोटो आला. कापडात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं बाळ. खाली लेकीने लिहिलं होतं: मुलगी. मी बरी आहे. मावशीला तुम्ही सांगा.

तिने स्वतः सांगितलं असतं तर चाललं असतं. पण तिने ते मला सांगायला लावलं, आणि का लावलं ते मला कळलं.

मी मेहुणीला फोन लावला. म्हटलं, नात झाली. ती रडली, देवाचं नाव घेतलं, कोणासारखी दिसते विचारलं. फोटोवरून जे दिसलं ते मी सांगितलं. मग तिने विचारलं, "भावोजी, ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

मी बाळाचं वजन सांगायला लागलो. मग लक्षात आलं की वजन मला माहीतच नव्हतं.

"कोण होतं, भावोजी?"

"कोणी नव्हतं," मी म्हटलं.